प्राप्तिकराचा परतावा : विलंबाची कारणे व उपाय

बिदर जिल्ह्यातील भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमावर्ती तालुक्यांचे जीवन मुख्यतः शेतीवर अवलंबून आहे. शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त असल्यामुळे प्राप्तिकर हा मोठ्या शहरांतील व्यापाऱ्यांचा व कारखानदारांचा विषय होय, असा समज या भागात अद्यापि आढळतो. वस्तुस्थिती आता तशी राहिलेली नाही. शाळेतील शिक्षक, तहसील कचेरीतील लिपिक, आयुष्याची पुंजी बँकेत ठेव म्हणून ठेवणारा निवृत्त कर्मचारी, स्वतःचा ट्रॅक्टर लावून साखर कारखान्यास ऊस पोहोचविणारा शेतकरी, या सर्वांना मिळावयाच्या रकमेतून प्राप्तिकर आधीच कापून घेतला जातो. वर्षअखेर हिशेब केल्यावर कापलेली रक्कम प्रत्यक्ष देय करापेक्षा अधिक ठरली, तर अधिकाची रक्कम संबंधितास परत मिळते. यासच परतावा म्हणतात.

ही रक्कम कधी दोन-चार हजारांची असते, कधी लाखाच्या घरात जाते. पेरणीच्या तोंडावर बियाणे व खते घेण्यासाठी किंवा मुलामुलींच्या शिक्षणाचे शुल्क भरण्यासाठी ती हाती येणे महत्त्वाचे असते. परंतु परतावा महिनोन्‌महिने न आल्यास काहीजण मध्यस्थांच्या मागे लागतात, तर काहीजण त्या रकमेवर पाणी सोडतात. या दोन्ही गोष्टींची आवश्यकता नसते. परतावा हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि तो अडला असेल, तर बहुधा एका विशिष्ट टप्प्यावर अडलेला असतो. तो टप्पा शोधून त्याच ठिकाणी दाद मागितल्यास काम मार्गी लागते.

कायद्याची पार्श्वभूमी

बिदर व गुलबर्गा हे जिल्हे पूर्वीच्या हैदराबाद राज्यात होते. भारतीय प्राप्तिकर कायदा या राज्यास १ एप्रिल १९५० पासून लागू झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन हे दोन्ही जिल्हे म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, समाविष्ट झाले. प्राप्तिकर हा केंद्र शासनाचा विषय असल्याने या स्थित्यंतराने करदात्याच्या हक्कांत फरक पडला नाही. सीमेच्या अलीकडील उमरगा, उदगीर, देगलूर व अक्कलकोट येथे जो नियम, तोच पलीकडील बसवकल्याण, भालकी, औराद व आळंद येथेही लागू आहे.

परताव्यासंबंधीच्या तरतुदी १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम २३७ ते २४५ मध्ये आहेत. संसदेने २०२५ मध्ये संमत केलेला नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास लागू असून त्यापूर्वीच्या वर्षांची प्रकरणे १९६१ च्या कायद्यानुसारच निकालात काढावयाची आहेत. या लेखात दिलेले कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक १९६१ च्या कायद्याचे आहेत.

परतावा कसा निर्माण होतो

पगार, व्याज किंवा कंत्राटाची रक्कम देणाऱ्याने ती देतानाच त्यातून कर कापून शासनाकडे भरावा, या पद्धतीस उगमस्थानी करकपात असे म्हणतात. कपात करताना कापणाऱ्यास त्या व्यक्तीच्या वर्षभराच्या उत्पन्नाचे पूर्ण चित्र ठाऊक नसते. म्हणून कपात कधी आवश्यकतेपेक्षा अधिक होते.

शिक्षकाचे उदाहरण घेता येईल. विमा, भविष्य निर्वाह निधी किंवा गृहकर्जाचे पुरावे वेळेत सादर न झाल्यास कार्यालय वजावट न धरता पगारातून कर कापते. पुढे विवरणपत्रात ती वजावट कायद्यानुसार मागता येत असेल, तर जादा कापलेला कर परत मिळतो. ठेवीदारांच्या बाबतीत, १ एप्रिल २०२५ पासून बँकेचे वार्षिक व्याज ५०,००० रुपयांहून आणि ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत १,००,००० रुपयांहून अधिक झाल्यास बँकेने कर कापावा, असा नियम झाला. एकूण उत्पन्नावर कर लागत नसल्याचे घोषणापत्र, म्हणजे नमुना १५ जी किंवा ज्येष्ठांसाठी नमुना १५ एच, बँकेस वर्षारंभी दिले तर ही कपात टळते. ते न दिल्यास कर कापला जातो व परताव्याची वाट पाहावी लागते.

ऊस वाहतुकीचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. वाहतूक कंत्राटापोटी व्यक्तीस दिल्या जाणाऱ्या रकमेतून १ टक्का कर कापावा, अशी तरतूद आहे. वर्षभरात ६,००,००० रुपयांची वाहतूक करणाऱ्याचे त्यानुसार ६,००० रुपये कापले जातात. त्याने पॅन, म्हणजे प्राप्तिकर खात्याचा कायम खाते क्रमांक, दिला नाही तर कपातीचा दर २० टक्के होतो आणि तीच कपात १,२०,००० रुपये होते. शिवाय पॅनअभावी ही रक्कम कोणाच्याच नावे जमा दिसत नाही, त्यामुळे ती परत मिळविणे दुरापास्त होते. याउलट, ज्याच्याकडे दहा किंवा त्याहून कमी मालवाहू वाहने आहेत अशा वाहतूकदाराने पॅनसह तसे घोषणापत्र दिल्यास कपात करू नये, अशी सवलतही कायद्यात आहे. हंगाम सुरू होण्यापूर्वी एक कागद दिल्याने पुढचा सारा व्याप वाचतो.

परताव्याचा प्रवास

परतावा मागण्यासाठी निराळा अर्ज लागत नाही. विवरणपत्र हाच परताव्याचा अर्ज होय. ते संगणकाद्वारे दाखल झाल्यानंतर त्याची पडताळणी करावी लागते. आधारशी जोडलेल्या दूरध्वनीवर येणाऱ्या ओटीपीने ही पडताळणी करता येते, अथवा सही केलेली पोच बेंगळुरू येथील केंद्रास टपालाने पाठविता येते. १ ऑगस्ट २०२२ पासून यासाठी ३० दिवसांची मुदत आहे.

पुढचा टप्पा बेंगळुरूच्या केंद्रीकृत प्रक्रिया केंद्राचा. २००९ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात विवरणपत्रातील आकड्यांचा मेळ कापणाऱ्यांनी कळविलेल्या आकड्यांशी घातला जातो आणि कलम १४३(१) खाली करदात्यास सूचनापत्र पाठविले जाते. परतावा मान्य झाला की नाही, झाला तर किती, हे या पत्रात असते. त्यानंतर भारतीय स्टेट बँकेमार्फत रक्कम करदात्याच्या खात्यात जमा करण्यात येते. पूर्वी परताव्याचे धनादेश टपालाने येत. १ मार्च २०१९ पासून परतावा केवळ पॅनशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतो.

विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षात दाखल झाले, त्या वर्षाच्या अखेरीपासून ९ महिन्यांच्या आत सूचनापत्र निघाले पाहिजे, असे कायदा सांगतो. उदाहरणार्थ, जुलै २०२५ मध्ये दाखल केलेल्या विवरणपत्रासाठी ही मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाते. बहुसंख्य प्रकरणे यापेक्षा पुष्कळ लवकर निकालात निघतात. तथापि, दोन-तीन महिने झाले म्हणजे कायद्याचा भंग झाला असे समजता येत नाही, हेही ध्यानात असावे.

विलंबाची प्रमुख कारणे

*अपुरी पडताळणी.* विवरणपत्र केंद्रावर भरून घेतले, पोच हाती आली आणि पडताळणी मात्र राहून गेली, असे पुष्कळदा घडते. मुदतीत पडताळणी न झालेले विवरणपत्र विचारात घेतले जात नाही. सबब, विवरणपत्र भरून देणाऱ्याकडून ‘पडताळणी पूर्ण’ असा उल्लेख असलेली पोच मागून घ्यावी.

*बँकांचे विलीनीकरण.* सीमाभागात या कारणाकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे. पूर्वीच्या हैदराबाद राज्यातील या जिल्ह्यांत अनेक पिढ्यांची खाती स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये होती. ही बँक १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, तर आंध्र बँक व कॉर्पोरेशन बँक या युनियन बँकेत विलीन झाल्या. ग्रामीण बँकांचेही तसेच झाले. कर्नाटकातील दोन ग्रामीण बँका एकत्र येऊन १ मे २०२५ पासून राज्यात एकच ग्रामीण बँक राहिली. अशा विलीनीकरणानंतर शाखेचा आयएफएससी संकेतांक बदलतो. बँकेतील दैनंदिन व्यवहार सुरळीत चालू असल्याने खातेदारास हा बदल जाणवत नाही, परंतु प्राप्तिकर खात्याकडे जुनाच संकेतांक राहिल्यास परतावा पाठविला जाऊनही परत फिरतो. नव्या खातेपुस्तिकेवरील संकेतांक पाहून प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर खात्याचे पूर्वप्रमाणीकरण पुन्हा करून घेणे, हाच यावरील उपाय होय.

*नावातील तफावत.* सीमेवरील कुटुंबांत एकाच व्यक्तीचे नाव अनेक रीतींनी लिहिलेले आढळते. मराठी शाळेच्या दाखल्यावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम असतो. कन्नड रीतीने लिहिलेल्या कागदावर कधी गावाचे किंवा वडिलांचे आद्याक्षर आधी येते व आडनाव गळते. ‘राव’ हा प्रत्यय एका कागदावर नावाला जोडून, दुसऱ्यावर सुटा, तर तिसऱ्यावर मुळीच नाही. माणसास त्यात काही वावगे वाटत नाही, पण संगणकाच्या दृष्टीने ही तीन भिन्न माणसे ठरतात. पॅन, आधार व बँक खाते या तिन्ही ठिकाणी इंग्रजी अक्षरांतील नाव व जन्मतारीख एकसारखी असावी. तफावत असल्यास कोणता कागद बरोबर आहे ते आधी ठरवून उरलेले त्याप्रमाणे दुरुस्त करावेत. प्रत्येक कागदात निरनिराळी दुरुस्ती करीत गेल्यास गोंधळ वाढतो.

*पॅन व आधार यांची जोडणी.* ज्यांना ही जोडणी बंधनकारक होती व ज्यांनी ती ३० जून २०२३ पर्यंत केली नाही, त्यांचे पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले. पॅन निष्क्रिय असेपर्यंत परतावा दिला जात नाही आणि त्या काळाचे व्याजही मिळत नाही. शिवाय करकपात चढ्या दराने होते. १,००० रुपये शुल्क भरून जोडणी केल्यास पॅन पुन्हा सक्रिय होतो. ८० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींना या अटीतून सूट आहे.

*कापणाऱ्याची चूक.* कर कापला गेला, परंतु कापणाऱ्याने त्याचे त्रैमासिक विवरण भरले नाही किंवा त्यात पॅन चुकीचा लिहिला, तर ती रक्कम करदात्याच्या नमुना २६ एएस या वार्षिक करपत्रकात उमटत नाही. मग बेंगळुरूचे केंद्र तेवढी कपात अमान्य करते. शासकीय व अनुदानित संस्थांत ही जबाबदारी आहरण व संवितरण अधिकाऱ्यांची आहे. विवरणास उशीर झाल्यास दररोज २०० रुपये याप्रमाणे शुल्क आकारले जाते. परंतु शुल्कापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की, पॅनमधील एका अक्षराच्या चुकीने एखाद्या शिक्षकाचा परतावा अडून राहतो. चुकीचे विवरण सुधारून पुन्हा सादर करता येते. या दुरुस्तीसही कायद्याने मुदत घातलेली असल्याने तक्रार येताच ती करावी.

या ठिकाणी करदात्यास कलम २०५ चे संरक्षण आहे. पगारातून वा देयकातून कर प्रत्यक्ष कापला गेला असेल आणि कापणाऱ्याने तो शासनाकडे भरला नसेल, तर तोच कर करदात्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. अशा मागणीसाठी सक्तीची वसुली करू नये, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ रोजी आपल्या अधिकाऱ्यांना कळविले होते. यासाठी कपातीचा पुरावा हाती असणे अगत्याचे आहे. म्हणून पगारपत्रके व देयकांच्या प्रती जपून ठेवाव्यात.

*जुनी थकबाकी.* करदात्याकडे मागील एखाद्या वर्षाचा कर येणे असल्याची नोंद असेल, तर कलम २४५ खाली परतावा त्यात वळता करून घेता येतो. मात्र त्यापूर्वी लेखी सूचना देणे बंधनकारक आहे. सूचनेस उत्तर देण्यासाठी २१ दिवस मिळतात. हस्तलिखित नोंदवह्यांतून संगणकावर चढविलेल्या जुन्या मागण्यांत चुका आढळल्या होत्या. पूर्वसूचनेविना परतावे वळते केले जात असल्याच्या तक्रारींची दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन १४ मार्च २०१३ रोजी खात्यास सविस्तर निर्देश दिले. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये करनिर्धारण वर्ष २०१०-११ पर्यंतच्या प्रत्येकी २५,००० रुपयांपर्यंतच्या आणि २०११-१२ ते २०१५-१६ या वर्षांच्या प्रत्येकी १०,००० रुपयांपर्यंतच्या जुन्या मागण्या, एका करदात्यामागे एकूण १,००,००० रुपयांच्या मर्यादेत, रद्द करण्यात आल्या. थकबाकीची सूचना आल्यास ती मागणी यांपैकी आहे काय, हे प्रथम पाहावे. सूचना मान्य नसेल, तर मुदतीत तसे कळवावे व पूर्वी भरलेल्या कराचे चलन जोडावे.

दाद मागण्याचा क्रम

१. संकेतस्थळावर विवरणपत्राची सद्यःस्थिती पाहावी. पडताळणी, प्रक्रिया, परतावा मंजूर, परतावा अयशस्वी यांपैकी कोणता शेरा आहे, त्यावर पुढील कृती अवलंबून असते.

२. ‘परतावा अयशस्वी’ असा शेरा असल्यास बँक खाते दुरुस्त करून परतावा पुन्हा पाठविण्याची विनंती नोंदवावी. नवे विवरणपत्र भरण्याची गरज नसते.

३. सूचनापत्रात कपात अमान्य झाली असल्यास नमुना २६ एएस तपासावा. तेथे नोंद नसेल तर कापणाऱ्याकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी. नोंद असूनही श्रेय मिळाले नसेल, तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करावा. हा अर्ज सूचनापत्राच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून ४ वर्षांपर्यंत करता येतो. अर्ज मिळालेल्या महिन्याच्या अखेरीपासून ६ महिन्यांत त्यावर निर्णय द्यावयाचा असतो.

४. काहीच हालचाल नसल्यास संकेतस्थळावरील तक्रार विभागात अथवा केंद्र शासनाच्या सार्वजनिक तक्रार निवारण व्यवस्थेकडे तक्रार नोंदवावी. १८०० १०३ ००२५ व १८०० ४१९ ००२५ या निःशुल्क दूरध्वनींवरही माहिती मिळते. तक्रारीत पॅन, करनिर्धारण वर्ष, पोच क्रमांक व परताव्याची रक्कम या चार गोष्टी असाव्यात.

५. सूचनापत्रातील निर्णयच मान्य नसेल, तर ३० दिवसांत अपील करता येते. सर्व मार्ग खुंटल्यास उच्च न्यायालयात जाता येते. बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांसाठी कर्नाटक उच्च न्यायालयाचे कलबुर्गी येथे खंडपीठ आहे. अर्थात, लहान रकमांच्या बाबतीत हा प्रसंग क्वचितच येतो.

विलंबाचे व्याज

उशिरा दिलेल्या परताव्यावर शासन व्याज देते. करनिर्धारण वर्ष १९८९-९० पासून लागू झालेल्या कलम २४४ए मध्ये ही तरतूद असून सप्टेंबर २००३ पासून व्याजाचा दर दरमहा अर्धा टक्का आहे. विवरणपत्र मुदतीत भरले असल्यास व्याज करनिर्धारण वर्षाच्या १ एप्रिलपासून मोजतात. मुदतीनंतर भरल्यास ते दाखल केल्याच्या दिवसापासून मोजतात. समजा, एका शिक्षकाचा वर्षाचा कर ३०,००० रुपये ठरला आणि ४८,००० रुपये कापले गेले. त्याचा परतावा १८,००० रुपये झाला. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ चा हा परतावा जानेवारी २०२६ मध्ये मंजूर झाल्यास एप्रिलपासून १० महिन्यांचे ५ टक्के, म्हणजे ९०० रुपये व्याज होते. परतावा ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांहून कमी असल्यास व्याज मिळत नाही. विलंब करदात्यामुळे झाला असेल, तर तेवढा काळ वगळला जातो. मिळालेले व्याज पुढील विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवावे लागते.

या हक्काच्या इतिहासात पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीचे प्रकरण प्रसिद्ध आहे. १९७७-७८ ते १९८२-८३ या काळातील काही करनिर्धारण वर्षांच्या परताव्यावरील व्याज कंपनीस १२ ते १७ वर्षे मिळाले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी २००६ रोजी निकाल देऊन या दिरंगाईबद्दल कंपनीस भरपाई देववली. पुढे २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, सामान्यतः कायद्यात सांगितलेले व्याजच मागता येते. म्हणजे व्याजावर व्याज हा नियम नव्हे. तथापि, नागरिकाचा पैसा अकारण अडवून ठेवल्यास त्याची किंमत शासनासही मोजावी लागते, हे तत्त्व या प्रकरणाने ठळक झाले.

मुदत टळली असल्यास

विवरणपत्र भरण्याची मुदत खऱ्या अडचणीमुळे टळली असेल, तर कलम ११९(२)(ब) खाली विलंब क्षमापित करण्याची विनंती करता येते. दीर्घ आजार, घरातील मृत्यू यांसारखी कारणे पुराव्यासह मांडावी लागतात. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार असा अर्ज संबंधित करनिर्धारण वर्षाच्या अखेरीपासून ५ वर्षांच्या आत केला पाहिजे. २०१५ च्या परिपत्रकात हीच मर्यादा ६ वर्षांची होती. अशा रीतीने मिळालेल्या परताव्यावर व्याज दिले जात नाही.

सावधगिरी

‘परतावा मंजूर झाला आहे, येथे खाते क्रमांक भरा’ अशा आशयाचे फसवे संदेश दूरध्वनीवर येतात. प्राप्तिकर खाते संदेशाद्वारे वा दूरध्वनीवरून ओटीपी, बँकेचा गुप्त क्रमांक किंवा कार्डाची माहिती मागत नाही. अशा संदेशांस उत्तर देऊ नये.

दुसरा धोका अधिक जवळचा आहे. न केलेल्या देणग्या, न घेतलेली कर्जे व न भरलेले विम्याचे हप्ते दाखवून मोठा परतावा मिळवून देतो, असे सांगणारे मध्यस्थ पगारदारांना गाठतात व परताव्यातील हिस्सा घेतात. अशा खोट्या वजावटींच्या विरोधात जुलै २०२५ मध्ये देशभर सुमारे १५० ठिकाणी तपासणी झाली. उत्पन्न चुकीचे दाखविल्यास बुडविलेल्या कराच्या दुपटीइतका दंड होऊ शकतो आणि सही करदात्याची असल्याने जबाबदारीही त्याचीच राहते. शिवाय संशयास्पद दाव्यांची छाननी अधिक होत असल्याने परतावा आणखी लांबतो. विवरणपत्रात दाखविलेल्या प्रत्येक वजावटीचा कागद घरी असावा.

सर्वांचे कर्तव्य

परताव्याची व्यवस्था संगणकावर आल्याने कचेरीतील खेपा वाचल्या आहेत, परंतु नोंदींच्या अचूकतेची जबाबदारी वाढली आहे. आहरण अधिकाऱ्यांनी प्रत्येक तिमाहीचे विवरण सादर करण्यापूर्वी कर्मचाऱ्यांचे पॅन एकदा ताडून पाहावेत. कारखाने, सोसायट्या व ग्रामपंचायतींनी देयक देतानाच पॅन मागून घ्यावा. गावातील शिक्षकांस संगणकाची व इंग्रजी मजकुराची ओळख असते. निवृत्तांना व शेतकऱ्यांना नमुना २६ एएस वाचून दाखविणे, नावातील तफावत लक्षात आणून देणे, एवढे साहाय्य त्यांनी केले तरी अनेक घरांतील अडलेली रक्कम मोकळी होईल. करदात्यांनीही पॅन, आधार, खातेपुस्तिका, विवरणपत्राची पोच व सूचनापत्र हे पाच कागद एका ठिकाणी ठेवावेत आणि दरवर्षी विवरणपत्र भरण्यापूर्वी ते एकमेकांशी पडताळून पाहावेत.